सरासरीच्या पोटात काय आहे?

सत्र परीक्षा झाली की आमच्या महाविद्यालयाच्या सूचनाफलकावर एक कागद लागतो. वर्ग, तुकडी, परीक्षेस बसलेल्यांची संख्या, उत्तीर्णांची संख्या, शेकडा निकाल आणि सरासरी गुण असे त्यावर रकाने असतात. प्राध्यापकांच्या खोलीत त्यावर थोडा वेळ बोलणे होते. ‘अ’ तुकडी बरी की ‘ब’ तुकडी बरी, गेल्या वर्षीपेक्षा सरासरी दोनाने वाढली की घटली, याचा ऊहापोह चहा येईपर्यंत चालतो आणि चहा आला की विषय बदलतो. विद्यार्थी त्या कागदापुढे क्षणभर थांबतात आणि निघून जातात. त्यांनी थांबावे तरी कशाला? ज्यांच्या गुणांतून तो कागद तयार झाला, त्यांच्यापैकी एकाचेही गुण त्यावर नसतात.

मी संख्याशास्त्र शिकवतो. त्यामुळे सरासरीबद्दल मी तक्रार करणे म्हणजे सोनाराने तराजूला नावे ठेवण्यासारखे आहे, असे एक ज्येष्ठ सहकारी मला म्हणाले. सरासरीशी माझे वैर नाही. पण जादा तास कोणत्या तुकडीला द्यायचे, कोणत्या शिक्षकाची पाठ थोपटायची आणि कोणाला ‘समज’ द्यायची, हे सगळे जर त्या एका कागदावरून ठरणार असेल, तर तो कागद काय सांगतो आणि काय झाकतो हे पाहणे भाग आहे. तो कागद काढून त्या जागी खोड-पान मांडणी लावावी, अशी माझी सूचना आहे. नाव ऐकून वनस्पतिशास्त्राच्या मंडळींनी कान टवकारू नयेत. ही आकड्यांचीच गोष्ट आहे, आणि आखीव कागद व पेन्सिल असलेल्या कोणालाही ती अर्ध्या तासात जमते.

समजा, वीस-वीस विद्यार्थ्यांच्या दोन तुकड्या आहेत. उत्तीर्ण होण्याची रेघ ३५ गुणांवर आहे. पुढचे आकडे समजावण्यासाठी मी माझ्या मनाने रचले आहेत, कोणत्याही प्रत्यक्ष वर्गाचे नाहीत. पण पेपर तपासणाऱ्या कोणालाही ते अनोळखी वाटणार नाहीत. दोन्ही तुकड्यांत सगळे उत्तीर्ण, म्हणजे निकाल शेकडा शंभर. दोन्हींची सरासरी नेमकी ५२. फलकावरच्या कागदात या दोन ओळी जुळ्या भावांसारख्या दिसतील. आता तेच गुण असे मांडू या. दशकाचा अंक उभ्या रेघेच्या डावीकडे लिहायचा, ते खोड. एककाचा अंक उजवीकडे, ते पान. ज्याला ४७ गुण मिळाले त्याचे पान ७, आणि ते ४ या खोडावर लागते.

‘अ’ तुकडी

३ | ८
४ | १ ४ ५ ६ ७ ८ ९
५ | ० १ २ ३ ३ ५ ६ ८
६ | ० २ ४ ८

‘ब’ तुकडी

३ | ५ ५ ५ ५ ६ ६ ७ ८ ८ ९
४ |
५ |
६ | ० २ ४ ६ ७ ८ ९
७ | १ ३ ६

कुठे राहिले जुळे भाऊ? ‘अ’ तुकडीत बहुतेक मुले पन्नाशीच्या अलीकडे-पलीकडे आहेत, आणि ५२ हा आकडा त्यांच्या वतीने बोलला तर कोणी हरकत घेऊ नये. ‘ब’ तुकडीत ५२ च्या आसपास एकही विद्यार्थी नाही. चाळीस आणि पन्नास ही दोन्ही खोडे उघडीबोडकी आहेत. ही एक तुकडी नव्हेच, एका खोलीत बसवलेल्या दोन तुकड्या आहेत. सरासरी ज्या विद्यार्थ्याचे वर्णन करते, त्याने या वर्गात प्रवेशच घेतलेला नाही. आणि त्याला डोळ्यांसमोर ठेवून शिकवणारा प्राध्यापक अर्ध्या वर्गाला कंटाळा आणतो व उरलेल्या अर्ध्याच्या डोक्यावरून जातो.

आणि ‘ब’ तुकडीच्या पहिल्या खोडावर शेजारी शेजारी बसलेली ती चार पाने पाहा. बरोबर ३५ वर चौघे जण उभे आहेत आणि त्यांच्या खाली कोणीच नाही. अशी मांडणी समोर आली की जाणत्या परीक्षकाला थोडे हसू येते. हे चौघे आपल्या पायांनी तिथवर आले, की कोणा दयाळू हाताने त्यांना उंबरठ्याच्या आत ओढून घेतले? दया करू नये असे मी म्हणत नाही. पण ३१ चे ३५ झालेल्या मुलाला पुढच्या सत्रात आधार लागणार आहे, ही गोष्ट शंभर टक्के निकालाच्या आनंदात कोणाच्या ध्यानातही राहत नाही.

कोणी म्हणेल, ही दरी आयतालेखातही दिसली असती. दिसली असती, हे खरे. पण आयतालेखाच्या खांबात एकदा शिरलेला आकडा परत बाहेर येत नाही. तीस ते एकोणचाळीस या गटात दहा जण आहेत, एवढेच तो सांगेल. त्या दहांतले चौघे नेमके ३५ वर आहेत हे तो सांगू शकणार नाही. खोड-पान मांडणी मान वाकडी करून पाहिली तर तीही आयतालेखच आहे, फक्त तिचे खांब मूळ आकड्यांनीच रचलेले असतात. तिच्यावरून सगळे गुण जसेच्या तसे परत उतरवून घेता येतात. मधोमधचा विद्यार्थी, म्हणजे ज्याच्या गुणांना आम्ही मध्यक म्हणतो तो, शोधायचा असेल तर सूत्र आठवत बसावे लागत नाही. पाने मोजत दहाव्या आणि अकराव्या पानापर्यंत जायचे. ‘अ’ मध्ये ती ५१ आणि ५२ निघतात, म्हणजे मध्यक ५१.५. ‘ब’ मध्ये ३९ आणि ६०, म्हणजे मध्यक ४९.५, आणि त्या पत्त्यावरही कोणी राहत नाही.

आता मूळ दुखण्याकडे येतो. आपल्या बेळगावसारख्या ठिकाणी पी. यू. सी. विज्ञानाच्या पहिल्या वर्षाला मुले तीन वाटांनी येतात: मराठी शाळेतून, कन्नड शाळेतून आणि इंग्रजी शाळेतून. वर्गात शिकवणे इंग्रजीतून. मराठी शाळेतून आलेल्या मुलाला ‘फ्रिक्शन’ म्हणजे आपले घर्षणच, आणि कन्नड शाळेतून आलेल्या मुलीला ते म्हणजे आपले ‘घर्षणे’च, हे उमगेपर्यंत तास संपलेला असतो. खाली मान घालून ती मुले फळ्यावरचे उतरवून घेतात. पहिल्या चाचणीत त्यांचे काय होते हे प्रत्येक प्राध्यापकाला मनातून ठाऊक आहे, पण कागदावर ते कधी येत नाही, कारण इंग्रजी शाळेच्या मुलांचे सत्तर आणि यांचे चाळीस मिसळून पंचावन्नची सरासरी तयार होते आणि सगळ्यांना हायसे वाटते.

यासाठी दुहेरी खोड-पान मांडणी हे फार उपयोगी साधन आहे. खोड मध्ये ठेवायचे, एका गटाची पाने डावीकडे लावायची, दुसऱ्याची उजवीकडे. माझ्या मते डावीकडे मराठी आणि कन्नड शाळांतून आलेली मुले एकत्र असावीत आणि उजवीकडे इंग्रजी शाळांतून आलेली. मराठी एका बाजूला आणि कन्नड दुसऱ्या बाजूला अशी मांडणी करावी, असे एकाने सुचवले. मला ती नको आहे. तसा कागद लावला तर संध्याकाळपर्यंत तो पाहायला विद्यार्थ्यांपेक्षा इतरच मंडळी जास्त येतील, आणि दोन्ही शाळांच्या मुलांची अडचण एकच आहे ही मुख्य गोष्ट बाजूला राहील. डावी पाने खाली लोंबलेली आणि उजवी वर चढलेली दिसली, तर जादा तास विषयाचे ठेवून भागणार नाही; विषयातल्या इंग्रजी शब्दांचे ठेवावे लागतील, आणि तेही पहिल्याच महिन्यात. दोन्ही बाजू सारख्याच दिसल्या, तर माझा तर्क सुटला असे समजून दरीचे कारण दुसरीकडे शोधावे: खानापूरकडून पहाटेची बस धरून येणारी मुले आणि टिळकवाडीतून पायी येणारी मुले, किंवा शिकवणी लावलेली आणि न लावलेली. प्रत्येक वेळी तेच गुण आणि नवी दुहेरी मांडणी. त्याला खर्च येतो तो कागदाचा.

या अंकाच्या कन्नड विभागाचे काम पाहणाऱ्या मित्राला मी हे दाखवले. खोडाला कन्नडात ‘कांड’ आणि पानाला ‘एले’. तेव्हा नाव जुळवायला आम्हाला दोन मिनिटेही लागली नाहीत. ‘चलो ऐती’, असे म्हणून त्याने कागद ठेवून घेतला.

ही मांडणी माझ्या डोक्यातून निघालेली नाही, हे सांगायला हवे. खोड आणि पान ही नावे लोकांच्या तोंडी बसवली ती जॉन टुकी या अमेरिकन संख्याशास्त्रज्ञाने. प्रिन्स्टन विद्यापीठात शिकवणारा आणि बेल प्रयोगशाळेत काम करणारा हा गृहस्थ साधा नव्हता. संगणकाच्या भाषेतला ‘बिट’ हा शब्द त्यानेच बनवलेला. म्हणजे संगणकाशी त्याचा परिचय नव्हता म्हणून तो पेन्सिलीकडे वळला, असे म्हणता येणार नाही. १९७७ साली निघालेल्या त्याच्या जाडजूड पुस्तकाचा सगळा रोख असा की, आकड्यांना गणिती कसोट्या लावण्याआधी त्यांच्याकडे नीट पाहा. आणि पाहण्याची साधने अशी असावीत की माणसाला हाताने करता येतील. आमच्या अभ्यासक्रमांची रीत उलटी आहे. विद्यार्थी प्रमाण विचलनाचे सूत्र झोपेतून उठून सांगतो, पण समोरच्या तीस आकड्यांत एक जागा रिकामी का, हे त्याला कोणी कधी विचारलेले नसते.

कल्पना तशी घरगुती आहे. जपानमध्ये रेल्वे स्थानकांवर गाड्यांचे वेळापत्रक याच पद्धतीने लावलेले असते: डावीकडे तास, आणि त्या ओळीत गाड्यांची मिनिटे. सकाळी आठच्या ओळीत गर्दी आणि दुपारी दोनच्या ओळीत विरळ पाने, म्हणजे कोणत्या वेळी किती गाड्या आहेत हे लांबूनच कळते आणि आपली गाडीही त्यातच सापडते. आपल्या बसस्थानकावर असा एक फलक लागला तर चौकशीच्या खिडकीवरची निम्मी भांडणे मिटतील, असे मला वाटते. पण तो या लेखाचा विषय नव्हे.

गुणांच्या मांडणीने ज्यांना कंटाळा आला असेल त्यांच्यासाठी क्रिकेट घेऊ. हे आकडे मनचे नाहीत. १९७१ सालचा वेस्ट इंडीजचा दौरा. अजित वाडेकर कर्णधार, आणि भारताने वेस्ट इंडीजविरुद्धची पहिली मालिका जिंकली ती याच दौऱ्यात. सुनील गावसकरने चार कसोटींत ७७४ धावा केल्या, सरासरी १५४.८०. मडगावात जन्मलेल्या दिलीप सरदेसाईने पाच कसोटींत ६४२ धावा केल्या, सरासरी ८०.२५. दोघांचेही डाव आठ-आठ. सरासऱ्या शेजारी ठेवल्या तर एक जण दुसऱ्याच्या जवळजवळ दुप्पट भरतो. आता दुहेरी मांडणी पाहा. इथे खोड शतकाचे आणि पाने दोन अंकी घेतली आहेत. डावीकडे सरदेसाई, उजवीकडे गावसकर.

७५ ४५ २४ २१ ०३ | ० | ०१ ६४ ६५ ६७
५० १२ | १ | १६ १७ २४
१२ | २ | २०

दोन्ही बाजूंचा आकार जवळपास सारखा! एकेक द्विशतक, सरदेसाईची आणखी दोन शतके तर गावसकरची तीन. मग दुप्पट सरासरी आली कुठून? गावसकरचे ६४, ६७ आणि ११७ हे तीन डाव नाबाद होते. क्रिकेटच्या रिवाजाप्रमाणे ७७४ ला आठाने न भागता पाचाने भागायचे. आठाने भागले असते तर ९६.७५ आले असते. रिवाज चुकीचा आहे असे नाही, पण १५४.८० या आकड्यात फलंदाजी किती आणि रिवाज किती हे तो आकडा सांगत नाही. गावसकरचा खरा मोठेपणा मांडणीत दुसऱ्याच जागी दिसतो. सर्वांत वरची ओळ पाहा: एका डावात एक धाव, आणि बाकी एकदाही चौसष्टच्या आत नाही. सरदेसाई मात्र तीनदा पंचविशीच्या आत परतला. म्हणून मध्यक गावसकरचा ९१.५ येतो आणि सरदेसाईचा ६०. पहिल्यांदाच कसोटी खेळणाऱ्या पोराचे सातत्य हे आहे. आणि सरदेसाईला उगीच झाकोळून टाकणाऱ्यांनी डाव्या बाजूचे २१२ पाहून घ्यावे. ती खेळी पहिल्या कसोटीतली, जिच्यात गावसकर बोटाच्या दुखण्यामुळे खेळलाच नव्हता.

आकडा सुटा ठेवण्याचे महत्त्व गोव्याच्याच दुसऱ्या एका माणसाने वेगळ्या कामात दाखवले होते. दामोदर धर्मानंद कोसंबी हे गणिताचे प्राध्यापक. प्राचीन आहत नाणी त्यांनी एकेक करून तराजूत तोलली, हजारोंच्या संख्येने. चलनात फिरणारे नाणे झिजते. जितके जास्त वर्षे हातोहात फिरले तितके सरासरी वजन घटते आणि नाण्यानाण्यांतला फरक वाढतो. या दोहोंवरून कोणती नाणी आधीची आणि कोणती नंतरची, याचा अंदाज त्यांनी बांधला. सरासरी त्यांनीही वापरली, हे मुद्दाम सांगतो. पण एखाद्या वस्तुसंग्रहालयाने ‘इतकी नाणी, एकूण वजन इतके’ एवढीच नोंद त्यांच्या हाती दिली असती, तर नाण्यानाण्यांतला फरक कुठून काढला असता?

सुटे आकडे कधी कधी आपल्याला न विचारलेल्या प्रश्नाचेही उत्तर देतात. राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरात आमचे विद्यार्थी खेड्यात घरोघर फिरून वये लिहून घेतात. आजीला वय विचारले तर ती म्हणते, “साठ-पासष्ट असंल बघ, लिही की तुला काय लिहायचं ते.” मुलगा लिहितो ६५. अशा वयांची खोड-पान मांडणी केली की खोडाखोडावर ० आणि ५ या पानांची गर्दी होते आणि १, ३, ७ ही पाने शोधावी लागतात. जनगणनेतल्या वयांतही हा दोष पूर्वीपासून ओळखीचा आहे आणि लोकसंख्याशास्त्रात तो मोजण्याचे निर्देशांकही आहेत. वयाची सरासरी यामुळे फारशी बिघडत नाही, म्हणून सरासरी काढणाऱ्याला याचा पत्ताच लागत नाही. पण ही वये जन्मतारखेवरून आलेली नाहीत, अंदाजाने सांगितलेली आहेत, हे पाने पाहणाऱ्याला पहिल्या नजरेत कळते, आणि अठरा वर्षे पूर्ण की अपुरी यासारख्या प्रश्नाला ती वापरण्याआधी तो दहादा विचार करील.

गुणांच्या बाबतीत असेच एक मोठे उदाहरण २०१३ साली देशभर गाजले. परदेशात शिकणाऱ्या एका भारतीय विद्यार्थ्याने आय. सी. एस. ई. परीक्षेचे त्या वर्षीचे निकाल मोठ्या प्रमाणावर गोळा करून कोणते गुण किती जणांना मिळाले ते मांडले. तेव्हा असे दिसले की ३५ ते १०० या टापूतले तेहतीस आकडे कोणालाच मिळालेले नव्हते. ३६ नाही, ३७ नाही, ३९, ४१, ४३ नाहीत. असे करत करत ९३ पर्यंत. ३५ च्या लगेच खालचे ३२, ३३, ३४ हेही गायब. इतक्या मुलांतून एकालाही ८१ किंवा ८२ मिळू नयेत, हे नुसत्या योगायोगाने होत नाही. तपासनिसाने दिलेले गुण आणि निकालपत्रावरचे गुण यांच्या मध्ये कुठेतरी त्यांना ठरावीक साच्यातून काढले होते. तसे करणे रास्त की गैर यावर तेव्हा पुष्कळ वाद झाला, आणि दोन्ही बाजूंना सांगण्यासारखे होते. माझा मुद्दा छोटा आहे. त्या परीक्षेची सरासरी आणि शेकडा निकाल त्याआधीही जाहीर होतच होते, आणि त्यांच्याकडे पाहून कोणालाही शंका आली नव्हती. एका खोडावरची पाने ८०, ८३, ८६, ८८ अशी मध्येच दात पडल्यासारखी लागलेली दिसली की शंका घ्यायला संख्याशास्त्राची पदवी लागत नाही.

आता आक्षेप. पहिला: आकडे शेकड्यांनी असले तर काय करणार? काही करू नये. हजार विद्यार्थ्यांची खोड-पान मांडणी म्हणजे बांबूचे बन होईल. तिथे आयतालेखच बरा, आणि तो संगणक काढून देतो. पण आपली तुकडी साठ-सत्तरची असते, आणि ती या मांडणीत छान बसते. एका खोडावर फार पाने झाली तर खोड दोनदा लिहायचे, एकदा ० ते ४ या पानांसाठी आणि एकदा ५ ते ९ साठी. वरच्या ‘ब’ तुकडीत तसे केले असते तर ३ चे पहिले खोड पूर्ण रिकामे आणि दुसऱ्यावर दहाच्या दहा पाने, असे अधिकच बोलके चित्र झाले असते.

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे, आणि तो माझ्याच एका विद्यार्थिनीने घेतला. गुण फलकावर लावायचे म्हणजे कच्च्या मुलांना चारचौघांत उघडे पाडणे नव्हे काय? नावे किंवा हजेरी क्रमांक लिहून गुण लावण्याची जी जुनी पद्धत होती तिने किती मुलांना मान खाली घालायला लावली, हे मी पाहिले आहे, आणि ती पद्धत परत यावी असे मला मुळीच वाटत नाही. खोड-पान मांडणीत नाव नसते. ३६ मिळालेली मुलगी आपले पान शोधते, ते तिलाच ठाऊक असते. आणि त्याच खोडावर आणखी नऊ पाने आहेत, हेही तिला दिसते. आपण एकटेच मागे आहोत, अशी समजूत घेऊन वसतिगृहाच्या खोलीत बसणाऱ्या मुलांना ही गोष्ट कळणे थोडेथोडके नाही. मात्र वर्ग अगदी लहान असेल, किंवा एखादेच पान सगळ्यांपासून दूर खाली पडलेले असेल, तर ते कोणाचे हे मुले लगेच ओळखतात. अशा वेळी तो कागद फलकावर न लावता विभागातच ठेवावा. पंधरांपेक्षा लहान वर्गाचा लावूच नये, असे माझे मत आहे.

तिसरा आक्षेप वेळेचा. त्याला मी उत्तर देत नाही. प्राध्यापकांच्या खोलीतल्या चहाला लागतो त्याहून कमी वेळ यास लागतो, हे ज्यांनी एकदा करून पाहिले त्यांना ठाऊक आहे.

करणाऱ्यांसाठी दोन-चार गोष्टी. पाने सारख्या रुंदीची आणि सारख्या अंतरावर लिहावीत, नाहीतर आठांची ओळ एकांच्या ओळीहून लांब दिसते आणि डोळा फसतो. चौकटींचा कागद घेतला की ही अडचण राहत नाही. (या अंकाची जुळणी करणाऱ्यांनाही माझी हीच विनंती होती.) रिकामी खोडे गाळू नयेत. वरच्या ‘ब’ तुकडीतून ४ आणि ५ ही खोडे जागा वाचवण्यासाठी काढून टाकली तर ३ आणि ६ एकमेकांना चिकटतात आणि सांगायची गोष्टच नाहीशी होते. आधी पाने येतील तशी लावावीत, मग दुसऱ्या कागदावर चढत्या क्रमाने उतरवावीत. आणि मोठ्या आकड्यांत शेवटचे अंक सोडून द्यायचे झाले तर ते नुसते सोडावेत, पुढच्या अंकात भर घालू नये. म्हणजे यादीतला मूळ आकडा शोधणे सोपे जाते.

राहिले गैरहजर. परीक्षेला न बसलेल्याला पान नसते, आणि फलकावरच्या शेकडा निकालातही तो नसतो, कारण तो निकाल बसलेल्यांवर काढलेला असतो. त्याच्यासाठी ० च्या खोडावर ० चे पान लावू नये. शून्य मिळवणारा निदान परीक्षेला आला होता. मांडणीच्या खाली ‘गैरहजर’ अशी स्वतंत्र ओळ घालून त्यांची संख्या लिहावी, आणि दुहेरी मांडणी असेल तर ती दोन्ही बाजूंना वेगवेगळी लिहावी. माझ्या वर्गातल्या तीन विद्यार्थ्यांनी पुढच्या सत्र परीक्षेपासून हे काम अंगावर घेण्याची तयारी दाखवली आहे. कार्यालयाकडून हवेत ते नावे आणि क्रमांक गाळलेले गुण, आणि प्रत्येकापुढे शाळेच्या माध्यमाची एक खूण. तेवढ्या परवानगीचा अर्ज आम्ही प्राचार्यांकडे दिला आहे.